गेटर-सेटर कोणी लिहायचे?

ग्राहकांचं एक साधं टेबल घ्या: क्रमांक, नाव, पत्ता, शहर, पिनकोड, फोन, ईमेल, जन्मतारीख, नोंदणीची तारीख, स्थिती, उधारीची मर्यादा, शेवटचा बदल. एकूण १२ कॉलम. जावात या टेबलसाठी एंटिटी क्लास लिहायचा तर आधी १२ फील्ड, मग प्रत्येकाचा एक गेटर आणि एक सेटर. मेथडच्या ३ ओळी आणि खाली एक कोरी ओळ धरली, तर २४ मेथडच्या ९६ ओळी झाल्या. पुढे रिकामा कन्स्ट्रक्टर, भरलेला कन्स्ट्रक्टर, इक्वल्स, हॅशकोड आणि टूस्ट्रिंग. फाइल सहज दीडशे ओळींच्या पुढे जाते आणि तिच्यात डोकं चालवून घेतलेले निर्णय असतात जेमतेम पाच-सात. कोणता कॉलम रिकामा चालेल, ईमेल दोघांचा एकच असला तर चालेल का, जन्मतारखेला वेळ हवी का, ग्राहकासोबत त्याची बिलं लगेच आणायची की मागितल्यावर. हे निर्णय त्या दीडशे ओळींच्या गर्दीत शोधावे लागतात, ही खरी अडचण आहे. टाइप करण्याचे कष्ट ही अडचण कधीच नव्हती. ते काम एक्लिप्स किंवा इंटेलिजेसारखा आयडीई दोन क्लिकमध्ये करून देतो.

या भरताडीला प्रोग्रामर बॉयलरप्लेट म्हणतात. ती कमी करायची म्हणून गेली पंचवीस वर्षं जावाच्या जगात साधनांमागून साधनं आली. त्यातली काही मानाने निवृत्त झाली, काही बदनाम झाली आणि काही आज जवळपास प्रत्येक प्रकल्पात आहेत. 'किती ओळी वाचल्या' या मोजपट्टीने त्यांची तुलना नेहमी होते. माझ्या मते ती मोजपट्टीच चुकीची आहे. यंत्राने तयार केलेला कोड कधी तयार होतो, कुठे राहतो आणि तो बिघडला तर दुरुस्ती कोणी कुठे करायची, हे विचारलं की साधनांची रांग वेगळीच लागते.

गेटर आले कुठून

गेटर-सेटरचा डेटाबेसशी मुळात काही संबंध नव्हता. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने १९९७ च्या सुमारास जावाबीन्सची मानकं पक्की केली ती खिडक्या आणि बटणं उचलून पडद्यावर मांडणाऱ्या साधनांसाठी. बटणाचा रंग बदलता यावा म्हणून 'गेट' आणि 'सेट' अशी ठरावीक सुरुवात असलेल्या मेथड हव्या होत्या; साधन त्या नावांवरून गुणधर्म ओळखत असे. पडदे मांडण्याची ती पद्धत मागे पडली, पण नावांचा संकेत राहिला आणि पुढे वेब फ्रेमवर्कपासून डेटाबेसच्या लायब्रऱ्यांपर्यंत सगळ्यांनी तो उचलला. (जाता जाता: जावाच्या नियमांत देवनागरी नावं पूर्णपणे वैध आहेत. 'नाव' या फील्डचा गेटर 'गेट' ही रोमन अक्षरं आणि पुढे देवनागरी 'नाव' असा लिहिला तर कंपायलर कुरकुर करत नाही. कोणी लिहीत नाही, एवढंच.)

१९९७ मध्येच जेडीबीसी आलं. डेटाबेसची एक ओळ वाचायची तर कनेक्शन उघडा, स्टेटमेंट बनवा, रिझल्टसेटमधून एकेक कॉलम काढून सेटरमध्ये घाला, शेवटी सगळं बंद करा, आणि या प्रत्येक पायरीवर एसक्यूएल एक्सेप्शन पकडा. ही पहिल्या पिढीची भरताड. ती हटवायला जे आलं ते रोगापेक्षा भयंकर निघालं.

ईजेबीचा काळ

एंटरप्राइज जावाबीन्स, म्हणजे ईजेबी, १९९८ पासून आणि विशेषतः तिची २.० ही आवृत्ती २००१ मध्ये आल्यावर, मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि दूरसंचार कंपन्यांची अधिकृत वाट झाली. तिच्यात एका टेबलसाठी एक 'एंटिटी बीन' लिहायचा. पण बीन म्हणजे एक फाइल नव्हे. बीनचा क्लास, बीन शोधण्या-बनवण्यासाठी होम इंटरफेस, वापरण्यासाठी लोकल किंवा रिमोट इंटरफेस, बहुधा प्राथमिक कीचा वेगळा क्लास, मग हे सगळं सर्व्हरला समजावणारी एक्सएमएल फाइल आणि तिच्या जोडीला ज्या कंपनीचा सर्व्हर असेल तिची स्वतंत्र एक्सएमएल. एवढं करूनही तो बीन पडद्यापर्यंत पाठवणं महाग पडायचं, म्हणून त्याची एक सपाट नक्कल, 'व्हॅल्यू ऑब्जेक्ट', वेगळी लिहायची. कॉलम एक वाढला की पाच-सहा फायलींत हात घालायचा आणि एक जरी चुकली तर ते कळायचं सर्व्हरवर चढवताना.

पर्सिस्टन्सचा, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा, जावा कोड यंत्राकडून छापून घेण्याची पहिली मोठी सुरुवात इथे झाली. रिकार्ड ओबर्ग यांनी ईजेबीडॉकलेट लिहिलं आणि त्याचं पुढे एक्सडॉकलेट झालं. कल्पना झकास होती. बीनचा एकच क्लास हाताने लिहायचा आणि त्याच्या जावाडॉक कॉमेंटमध्ये खुणा करायच्या: हा बीन, ही की, ही मेथड लोकल इंटरफेसमध्ये दिसू दे. अँट बिल्ड चालला की एक्सडॉकलेट त्या कॉमेंट वाचून बाकीचे इंटरफेस आणि एक्सएमएल फायली छापून द्यायचं. दर बिल्डला नव्याने छापायचं, त्यामुळे छापलेल्या फायलींना कोणी हात लावत नसे. सत्य एका जागी आणि बाकी सगळं त्यावरून, ही शिस्त एक्सडॉकलेटने लावली आणि ती आजही सगळ्यात मोलाची आहे.

उणीव एकच होती, पण मोठी. कॉमेंट म्हणजे कंपायलरच्या लेखी कचरा. खुणेच्या नावात एक अक्षर चुकलं तर कंपायलर गप्प, एक्सडॉकलेटही बहुधा गप्प, आणि छापलेल्या एक्सएमएलमध्ये एक ओळ कमी. ती शोधण्यात दुपार जायची. पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्यांना अशा कॉमेंट अधूनमधून अजून भेटतात. एक्सडॉकलेट कधीच थांबलं, पण कॉमेंट पुसायची हिंमत कोणी केलेली नसते.

सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ आलं आणि त्याने ॲनोटेशन भाषेतच आणली. कॉमेंटमधल्या खुणा आता कंपायलर तपासू लागला. त्याच काळात ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हायबरनेट घराघरांत पोहोचलं होतं. साधा जावा क्लास आणि एक मॅपिंग फाइल, एवढ्यावर ते काम करत असे. ईजेबी समितीने अखेर हार मानली आणि मे २००६ मध्ये ईजेबी ३.० सोबत जेपीए १.० हे मानक आलं, बरंचसं हायबरनेटच्याच वाटेने. होम इंटरफेस गेला, रिमोट इंटरफेस गेला, एक्सएमएल ऐच्छिक झालं. पाच-सहा फायलींची एक फाइल झाली. या आढाव्यातली भरताडीची सगळ्यात मोठी कपात हीच आहे आणि ती कुठल्याही जनरेटरने केलेली नाही. नको असलेली मागणीच मानकातून काढून टाकली, आणि ती भागवण्यासाठी उभा राहिलेला जनरेटर आपोआप बेकार झाला. म्हणून आपल्या प्रकल्पात जनरेटर आणण्यापूर्वी, ही भरताड मागतंय कोण आणि ती मागणी रद्द होऊ शकते का, हे आधी विचारावं.

एकदा छापा, कायम सांभाळा

हायबरनेटच्या साधनांमध्ये उलटी सोयही होती: चालू डेटाबेसकडे बोट दाखवा, साधन टेबलं वाचून एंटिटी क्लास लिहून देईल. आयडीईमध्येही ती आहे. चारशे टेबलांचा जुना डेटाबेस पदरात पडला की हिच्यासारखी मदत नाही. पण पहिल्या दिवसापुरतीच. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या क्लासमध्ये 'उधारी संपली का' अशी एक मेथड घालतो आणि तिथून पुन्हा छापण्याचा रस्ता बंद होतो, कारण पुन्हा छापलं तर ती मेथड पुसली जाते. मग कोड यंत्राने लिहिलेला आणि जबाबदारी माणसाची, अशी कात्रीत सापडलेली अवस्था. चारशे फायलींची भरताड आता तुमचीच.

यावरची जुनी युक्ती 'जनरेशन गॅप' या नावाने ओळखली जाते. 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकाच्या चौघा लेखकांपैकी जॉन व्ह्लिसिडेस यांनी ती नव्वदच्या दशकात मांडली. यंत्राचा कोड पालक क्लासमध्ये, माणसाचा कोड त्याच्या वारस क्लासमध्ये. पालक कितीदाही छापा, वारसाला धक्का नाही. युक्ती चालते, पण क्लासची संख्या दुप्पट होते. स्प्रिंग रू या साधनाने २००९ मध्ये दुसरी वाट काढली: गेटर-सेटर, टूस्ट्रिंग वगैरे आस्पेक्टजेच्या स्वतंत्र फायलींत ठेवायचे आणि कंपाइल होताना क्लासमध्ये विणायचे. तुमच्या फाइलमध्ये फक्त फील्ड. हुशार रचना, पण शेजारी लपवलेल्या फायलींचा ढीग आणि सगळी मदार एका आयडीई प्लगइनवर. रू टिकलं नाही.

आयडीईमधून छापलेल्या इक्वल्सचंही तेच. तो छापला त्या दिवसाच्या फील्डवर उभा असतो. सहा महिन्यांनी दोन फील्ड वाढतात, इक्वल्स जुनाच राहतो, आणि परीक्षकाच्या नजरेतून तो निसटतो, कारण छापील कोड कोणी वाचत नाही.

कंपायलरच्या आत शिरलेले

डिसेंबर २००६ च्या जावा ६ पासून कंपायलरला अधिकृत खिडकी मिळाली: ॲनोटेशन प्रोसेसर. कंपाइल चालू असताना प्रोसेसर तुमची ॲनोटेशन वाचू शकतो आणि नव्या फायली लिहू शकतो. नियम एकच, पण कडक: नवी फाइल लिहा, असलेल्या फाइलला हात लावू नका.

नियम पाळणाऱ्यांचं उत्तम उदाहरण जेपीएचा स्टॅटिक मेटामॉडेल. डिसेंबर २००९ च्या जेपीए २.० ने तो आणला. ग्राहक क्लास असेल तर प्रोसेसर शेजारी 'ग्राहक' आणि शेवटी अंडरस्कोर अशा नावाचा एक क्लास लिहितो आणि त्यात प्रत्येक फील्डचं नाव व प्रकार नोंदवतो. फायदा कुठे? क्वेरी लिहिताना 'ईमेल' हे नाव अवतरणात लिहिलं आणि पुढे कोणी फील्डचं नाव 'ईमेलपत्ता' केलं, तर चूक कळते ग्राहक ओरडल्यावर. मेटामॉडेलमधून घेतलं तर बिल्डच मोडतो. क्वेरीडीएसएल हेच काम 'क्यू' अक्षराने सुरू होणाऱ्या क्लासमधून करतं. मॅपस्ट्रक्ट एंटिटीवरून डीटीओ, म्हणजे पडद्याकडे पाठवायची सपाट नक्कल, भरणारा कंटाळवाणा कोड लिहून देतं. या सगळ्यांनी लिहिलेल्या फायली मेव्हनच्या 'टार्गेट' फोल्डरमध्ये उघड्या डोळ्यांनी वाचता येतात, डीबगर त्यांच्यात शिरतो, आणि प्रोसेसर उद्या सोडायचा ठरवला तर त्या उचलून सोर्समध्ये टाकता येतात. शेजाऱ्यासारखं वागणारी साधनं ही.

लॉम्बॉक मात्र शेजारी नव्हे, घरात शिरलेला पाहुणा. राइनियर झ्वित्सरलोट आणि रुल स्पिल्कर यांनी २००९ मध्ये ते आणलं. नाव घेतलं इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या पूर्वेकडच्या बेटाचं. तेही प्रोसेसर म्हणून आत येतं, पण नवी फाइल लिहीत नाही. कंपायलरने स्मृतीत बांधलेला तुमच्या क्लासचा वृक्ष ते थेट बदलतं आणि त्यात गेटर-सेटर घुसडतं. त्यासाठी जावाकच्या अंतर्गत, अघोषित भागांना हात घालावा लागतो. अधिकृत नियमांनी हे चालत नाही. प्रोग्रामरना मात्र हेच हवं होतं: क्लासमध्ये फक्त १२ फील्ड, वर एक @डेटा, फाइल वीस-पंचवीस ओळींची, आणि पाच-सात निर्णय एका नजरेत. लॉम्बॉक इतकं पसरलं याचं कारण त्या नजरेत भरणाऱ्या फाइलमध्ये आहे आणि ते कारण खरं आहे.

किंमत वेळोवेळी चुकवावी लागली. मार्च २०२१ च्या जेडीके १६ ने अंतर्गत भागांना सक्तीचं कुलूप लावलं तेव्हा लॉम्बॉक वापरणारे बिल्ड कोसळले. काही आठवड्यांत लॉम्बॉकने नवी पळवाट शोधून १.१८.२० ही आवृत्ती दिली. सप्टेंबर २०२४ च्या जेडीके २३ ने दुसरा धक्का दिला: क्लासपाथवर पडलेले प्रोसेसर जावाक आता आपण होऊन चालवत नाही, स्पष्ट सांगावं लागतं. न सांगता जेडीके बदललं की कंपायलर 'गेटर सापडत नाही' अशा शेकडो चुका ओकतो आणि नवशिक्याला वाटतं आपणच काही मोडलं. प्रोसेसर कुठला ते बिल्ड फाइलमध्ये नावानिशी लिहिणं हा उपाय, आणि तो जेडीके २३ ची वाट न पाहता करायला हवा होता. लॉम्बॉक आणि मॅपस्ट्रक्ट एकत्र असतील तर दोघांना जोडणारा छोटा दुवाही लागतो. नाहीतर मॅपस्ट्रक्टला गेटर दिसण्याआधीच ते धावतं आणि रिकामा मॅपर लिहितं.

हे सगळं सोसण्याजोगं आहे. पण @डेटा एंटिटीवर लावण्याने जे होतं ते सोसण्याजोगं नाही.

ओळख यंत्रावर सोपवू नये

एंटिटी म्हणजे नुसती माहितीची पिशवी नव्हे. तिला ओळख असते: ग्राहकाने पत्ता बदलला तरी ग्राहक तोच. @डेटा सगळ्या फील्डवर इक्वल्स आणि हॅशकोड बांधतो, म्हणजे पत्ता बदलला की तो दुसरा ग्राहक. इथवर बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते लॉम्बॉकला सांगतात, फक्त आयडी धर. मग काय होतं ते आकड्यांत पाहू.

बिलाची एक नवी ओळ बनवली. ती अजून डेटाबेसमध्ये गेलेली नाही, तिचा आयडी डेटाबेस देणार, म्हणून तो सध्या नल. लॉम्बॉकचा हॅशकोड १ पासून सुरू होतो, त्याला ५९ ने गुणतो आणि फील्डचा हॅश मिळवतो. फील्ड नल असेल तर ४३. म्हणजे ५९ अधिक ४३, १०२. ही ओळ बिलाच्या हॅशसेटमध्ये टाकली. नव्या हॅशसेटमध्ये १६ कप्पे असतात; १०२ ला १६ ने भागून बाकी ६, म्हणून ओळ सहाव्या कप्प्यात. आता बिल जतन केलं आणि डेटाबेसने आयडी दिला १०१. हॅशकोड झाला ५९ अधिक १०१, म्हणजे १६०, बाकी शून्य. त्याच सेटला विचारा, ही ओळ तुझ्यात आहे का? तो शून्याव्या कप्प्यात बघतो आणि 'नाही' म्हणतो. ओळ सहाव्या कप्प्यात बसलेली आहे. ती काढून टाकायला सांगितलं तर काढत नाही आणि तक्रारही करत नाही.

याहून वाईट प्रकार आधीच घडून गेलेला असतो. एकाच बिलात तीन नव्या ओळी टाकल्या: तांदूळ, तेल, साखर. तिघींचा आयडी नल. लॉम्बॉकच्या इक्वल्सच्या मते नल आणि नल समान. सेट पहिली ओळ घेतो आणि उरलेल्या दोन 'आधीच आहे' म्हणून टाकून देतो. बिल एकट्या तांदळाचं जतन होतं. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये ओळ. कंपायलर खूश, आणि फक्त एकाच ओळीचं बिल तपासणाऱ्या टेस्टही हिरव्या.

आयडीईने छापलेला इक्वल्स इथे लॉम्बॉकपेक्षा सरस आहे असं नाही. तो बहुधा दोन वस्तूंचे क्लास तंतोतंत एकच आहेत का ते पाहतो, आणि हायबरनेट आळशी पद्धतीने आणलेल्या एंटिटीच्या जागी तिच्या वारस क्लासचा प्रॉक्सी देतं. क्लास वेगळा पडला, म्हणून तोच ग्राहक स्वतःशीच असमान ठरतो. (लॉम्बॉक इन्स्टन्सऑफ वापरतं, निदान तिथे ते वाचतं.)

टूस्ट्रिंगचा घोटाळा जास्त ओळखीचा आहे. ग्राहकात बिलांची यादी, बिलात ग्राहक, दोन्हीकडे @डेटा. लॉगमध्ये ग्राहक छापायचा एक निरुपद्रवी वाक्यांश लिहिला की ग्राहक बिलं छापतो, बिल ग्राहक छापतं, आणि स्टॅक भरेपर्यंत हे चालतं. नात्याची एकच बाजू असली तरी त्या एका लॉगच्या ओळीपायी ग्राहकाची सगळी बिलं डेटाबेसमधून ओढली जातात, किंवा सेशन बंद झालं असेल तर लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन मिळतं. लॉम्बॉकच्याच @बिल्डरने रिकामा कन्स्ट्रक्टर नाहीसा होतो आणि जेपीएला तो हवाच असतो. शिवाय फील्डला दिलेली सुरुवातीची रिकामी यादी बिल्डर विचारात घेत नाही, तिथे नल येतो, जोवर @बिल्डर.डिफॉल्ट लिहीत नाही.

म्हणून माझी रेघ इथे आहे. गेटर आणि सेटर यंत्राने खुशाल लिहावेत, त्यांत विचार नाही. इक्वल्स आणि हॅशकोड हाताने लिहावेत. व्लाद मिहाल्चा यांच्यासारखे हायबरनेटचे जाणकार सांगतात ती रीत साधी आहे: बिल क्रमांकासारखी न बदलणारी खरीखुरी ओळख असेल तर तिच्यावर इक्वल्स बांधा, नसेल तर आयडी नल नसतानाच समान माना आणि हॅशकोड सर्व वस्तूंना एकच स्थिर आकडा द्या. सगळं एका कप्प्यात जाऊन सेट मंदावेल खरा, पण एका बिलात हजारो ओळी नसतात. या आठ-दहा ओळी म्हणजे भरताड नव्हे. त्या क्लासमधला तो एक निर्णय आहे.

रेकॉर्ड आले, पण इथे नाही

मार्च २०२१ च्या जावा १६ मध्ये रेकॉर्ड पक्के झाले तेव्हा लॉम्बॉकची गरज संपली अशी हाकाटी झाली. एका ओळीत फील्ड लिहा; कन्स्ट्रक्टर, वाचक मेथड, इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग भाषा देते. पण रेकॉर्ड अंतिम असतो, त्याला वारस नाही. त्याची फील्ड बदलत नाहीत. रिकामा कन्स्ट्रक्टर आपोआप मिळत नाही. जेपीए एंटिटीला नेमकं याच्या उलट हवं. रेकॉर्डच्या प्रस्तावातच लिहून ठेवलंय की बॉयलरप्लेटशी युद्ध पुकारणं हा हेतू नाही, आणि जावाबीन्स पद्धतीच्या बदलत्या क्लासचे प्रश्न सोडवणं तर नाहीच. हे न वाचता अनेकांनी आशा धरली.

तरी पर्सिस्टन्सच्या कडेकडेला रेकॉर्डने मोठी साफसफाई केली. पडद्याला हवे ते चार कॉलम क्वेरीतून थेट रेकॉर्डमध्ये घेता येतात. तिथे एंटिटीही नको, मॅपरही नको. पत्त्यासारखी आत बसणारी मूल्यं रेकॉर्डमध्ये ठेवायला जकार्ता पर्सिस्टन्स (जेपीएचंच नवं नाव) ३.२ ने २०२४ मध्ये अधिकृत मान्यता दिली. केवळ वाचायच्या कामासाठी एंटिटी ओढून आणण्याची सवय मोडली तर निम्मी भरताड तिथेच मिटते. कोटलिनची वाट धरणाऱ्यांना डेटा क्लास मिळतो, पण जेपीएसाठी तिथेही रिकामा कन्स्ट्रक्टर घालणारं आणि क्लास उघडे करणारं कंपायलर प्लगइन लागतं, आणि ओळखीचा घोटाळा जसाच्या तसा राहतो.

टेबलाकडून उलटे

दुसरी एक परंपरा एंटिटीलाच फारसं मानत नाही. तिच्या मते सत्य डेटाबेसमध्ये आहे. जावाने ते वाचावं. मायबॅटिसचा जनरेटर टेबल पाहून मॅपर आणि मॉडेल क्लास लिहितो. लुकास एडर यांचं जूक याहून पुढे जातं: स्कीमा वाचून प्रत्येक टेबल, कॉलम, की यांचे क्लास बनवतं आणि मग एसक्यूएलच जावात लिहिता येतं, प्रकार तपासलेलं. कॉलमचं नाव डेटाबेसमध्ये बदललं की पुढच्या बिल्डला तो कॉलम वापरणारी प्रत्येक क्वेरी लाल होते. हा फायदा मेटामॉडेलपेक्षा मोठा आहे, कारण मेटामॉडेल एंटिटीशी जुळतो आणि एंटिटी डेटाबेसशी जुळते की नाही हे वेगळंच तपासावं लागतं.

यासाठी बिल्डच्या वेळी खरी स्कीमा हाताशी हवी. फ्लायवे किंवा लिक्विबेसच्या मायग्रेशन तात्पुरत्या डेटाबेसवर चालवायच्या, त्यावरून क्लास छापायचे आणि डेटाबेस टाकून द्यायचा, ही रीत आता रुळली आहे. बिल्ड एखाद-दोन मिनिटांनी लांबतो. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर असेल तर जूकचा परवाना विकत घ्यावा लागतो, हेही हिशोबात धरा. पोस्टग्रेसारख्या मुक्त डेटाबेसना ते फुकट आहे. अहवाल, मोठ्या जोडण्या, खिडकी फंक्शनं अशा कामात मी डोळे मिटून याच वाटेने जाईन.

मेथडच्या नावातून क्वेरी

एंटिटीनंतरची भरताड म्हणजे तिला आणणारा-ठेवणारा डीएओ. स्प्रिंग डेटाने ती जवळजवळ पुसून टाकली: इंटरफेसमध्ये 'शहराने शोध, नोंदणीच्या तारखेने उलट लाव' अशा अर्थाचं इंग्रजी नाव लिहा, क्वेरी चालू प्रोग्राममध्ये प्रॉक्सी बांधून देतो. नावात तीन-चार अटी आल्या की ते नाव आगगाडीसारखं लांबतं, तिथे थांबून क्वेरी लिहावी. मायक्रोनॉट डेटा हेच काम कंपाइलच्या वेळी करतं, त्यामुळे नावातली चूक बिल्डमध्येच पकडली जाते आणि रिफ्लेक्शनवर भार येत नाही. ग्रालव्हीएमने मूळ यंत्रभाषेत बांधणी करणाऱ्यांना त्याचं महत्त्व आहे. क्वार्कसचं पनाशे तर फील्ड पब्लिक ठेवायला सांगतं आणि बिल्डच्या वेळी बाइटकोडमध्ये गेटर-सेटर घालून वापरणाऱ्या जागाही बदलून टाकतं. २०२४ च्या जकार्ता डेटा १.० ने अशा इंटरफेसला, म्हणजे रिपॉझिटरीला, मानक दिलं, आणि हायबरनेटचा प्रोसेसर त्याप्रमाणे अंमल करणारा क्लास वाचता येईल अशा सोर्समध्ये लिहून देतो. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते स्पष्ट आहे: चालू प्रोग्राममधून कंपाइलकडे, आणि लपलेल्या बाइटकोडकडून वाचता येणाऱ्या फाइलकडे. दिशा योग्य आहे.

आणि आता एआय

२०२१ पासून कोपायलट आणि त्याच्यामागून आलेले मदतनीस टेबलाची व्याख्या दिली की संपूर्ण एंटिटी एका दमात लिहून देतात, कॉमेंटसकट. मग जनरेटर हवेत कशाला? कारण हे आयडीईच्या 'एकदा छापा' पद्धतीचंच वेगवान रूप आहे. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तंतोतंत तेच उत्तर येईल याची हमी नाही, म्हणून दर बिल्डला पुन्हा छापता येत नाही. जे आलं ते सोर्समध्ये जातं आणि तुमचं होतं. शिवाय इंटरनेटभर पसरलेल्या @डेटा लावलेल्या एंटिटी वाचूनच ही यंत्रं शिकली असल्याने ती तसंच लिहून देतात. त्यांच्याकडून जनरेटरचं टेम्प्लेट किंवा मॅपिंगची बिल्ड फाइल लिहून घ्यावी, तिथे ती कामाची आहेत. त्यांनी लिहिलेली एंटिटी मात्र नव्या सहकाऱ्याने लिहिली असं समजून ओळ न् ओळ वाचावी.

नव्या प्रकल्पाला मी काय सुचवेन? वाचनासाठी रेकॉर्ड, लेखनासाठी मोजक्या एंटिटी. लॉम्बॉक घ्यायचंच तर @गेटर आणि लागतील तिथेच @सेटर, बाकी काही नाही. मेटामॉडेल किंवा जूक पहिल्या दिवसापासून. आणि प्रोसेसरची नावं बिल्ड फाइलमध्ये स्पष्ट. जुन्या प्रकल्पात लॉम्बॉक उपटून काढायच्या भानगडीत पडू नका, ते कष्ट वसूल होत नाहीत. त्याऐवजी आज अर्धा तास काढून @एंटिटी आणि @डेटा एकाच क्लासवर कुठे कुठे आहेत तेवढं शोधा. त्यातले ज्यांचे आयडी डेटाबेस देतो आणि जे कुठल्यातरी सेटमध्ये बसतात, ते आधी दुरुस्त करा.